उचलून नेता येईल असा एन स्केलचा रेल्वे ले-आउट: हलका, पण न मुरडणारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एन स्केलच्या छोट्या मॉडेल रेल्वेचा ले-आउट, म्हणजे बोर्डावर मांडलेले रूळ आणि देखावा, करायचा आहे, पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कायमची जागा नाही. डायनिंग टेबलवर किंवा पायांवर मांडता यावा, एकट्याने उचलता यावा, लिफ्टमधून खाली आणून हॅचबॅक गाडीतून प्रदर्शनाला नेता यावा, आणि दर वेळी जोडल्यावर गाडी रुळावरून न घसरता चालावी. सुताराने १८ मिमी प्लायचा सल्ला दिला आहे, तो घ्यावा का?

नको. सुताराचा हिशेब फर्निचरचा असतो. त्याला वर माणूस बसेल याची काळजी, तर आपल्या बोर्डावर जेमतेम दोन-तीन किलो वजन येणार. आपला खरा शत्रू वजन नाही, पीळ आहे. बोर्ड एका कोपऱ्याने उचलला की तो किंचित मुरडतो. त्याने रुळांचे सोल्डर सुटते, खडी तडकते आणि सांध्यावर रूळ वर-खाली होतात. जाड फळी ही मुरड फारशी अडवत नाही, नुसते वजन वाढवते.

आकडेच बघा. साध्या प्लायची घनता घनमीटरला ६०० ते ६५० किलो धरली, तर १००० × ६०० मिमीची १८ मिमी फळी एकटीच पावणेसात किलोची होते. खाली लाकडी चौकट मारली की नऊ-साडेनऊ. त्याच मापाचा, खाली सांगितलेल्या पद्धतीचा बोर्ड रूळ आणि देखावा धरून पाच किलोच्या आसपास बसतो, आणि तरी जास्त ताठ राहतो. कारण ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो. ४५ मिमी उंच आणि १२ मिमी जाड पट्टीत जेवढे लाकूड जाते तेवढेच ९० मिमी उंच आणि ६ मिमी जाड पट्टीत जाते, पण दुसरी पट्टी चौपट कमी वाकते. म्हणून कडा उंच आणि पातळ ठेवायच्या.

मापे कशी ठरवायची

आधी लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि गाडीची मागची सीट पाडून मिळणारी जागा मोजा, मग रुळांचा आराखडा काढा. उलट क्रमाने गेलेले ले-आउट दारातच अडकतात. आठ माणसांच्या नेहमीच्या लिफ्टचे दार ८०० मिमीचे असते आणि आतली जागा साधारण १३०० × ११०० मिमी. त्यात १००० × ६०० चा बोर्ड आरामात जातो. असे दोन बोर्ड जोडले की २००० × ६०० मिमीचा ले-आउट मिळतो.

६०० मिमी रुंदीत पूर्ण लंबगोल बसवायचा तर एन स्केलच घ्यावा लागेल, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:१६० माप आणि ९ मिमी गेज (दोन रुळांमधले अंतर). एचओ या मोठ्या स्केलला १६.५ मिमी गेज आणि निदान ३६० मिमीची त्रिज्या लागते. तो इथे बसतच नाही. (जाता जाता: आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, म्हणजे १:१६० ने साडेदहा मिमी. एन स्केलच्या रुळावर भारतीय गाडी दीड मिलिमीटर अरुंद पायांवर उभी असते. डोळ्याला ते फारसे खटकत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नका.)

काटो कंपनीच्या युनिट्रॅक या तयार रुळांमध्ये २४९ मिमी त्रिज्येचे ४५ अंशांचे तुकडे येतात. चार तुकड्यांत अर्धे वर्तुळ होते. व्यास ४९८ मिमी, म्हणजे दोन्ही कडांना रुळाच्या मध्यापासून ५१ मिमी उरतात. पुढची २८२ ची त्रिज्या घेतली तर कडेला जेमतेम १८ मिमी राहतात. घसरलेले इंजिन थेट फरशीवर, म्हणून २४९ वरच थांबा. प्रत्येक बोर्डावर सरळ भागासाठी २४८ + २४८ + १८६ मिमी असे तुकडे लावले की बेरीज ६८२ येते. त्यात त्रिज्या मिळवली की ९३१, आणि टोकाला ६९ मिमी मोकळे.

या वळणावर काय शोभते तेही आधीच ठरवा. एलएचबी, म्हणजे रेल्वेचा नव्या धाटणीचा लांब प्रवासी डबा २३.५ मीटरचा, एन स्केलमध्ये तो १४७ मिमी भरतो आणि २४९ च्या वळणावर त्याची टोके ओंगळवाणी बाहेर लटकतात. चार चाकी मालडबे, छोटे डिझेल इंजिन, आखूड पॅसेंजर डबे इथे शोभतात. आणि उड्डाणपुलाचा मोह टाळा. १:५० चा चढ धरला तर १४०० मिमीच्या सरळ भागात २८ मिमीच उंची मिळते. खालून गाडी जायला त्याच्या दुपटीजवळ लागते. उंचसखलपणा हवा असेल तर रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली न्या. नदी किंवा नाला रुळाखालून काढला की घाटाचा भास आपोआप येतो.

साहित्य आणि कटाई

वरचा पृष्ठभाग एक्सपीएस बोर्डाचा. गच्चीच्या उष्णतारोधक कामासाठी विकला जाणारा, दाट आणि गुळगुळीत फोम तो हाच. आपल्याकडे १२५० × ६०० मिमीच्या शीटमध्ये मिळतो, २५ मिमी जाडीचा घ्या. एका बोर्डाला एक शीट पुरते आणि वजन अर्ध्या किलोच्या आत राहते. गणपतीच्या मखराचा पांढरा थर्माकोल याची जागा घेऊ शकत नाही. त्याचे मणी सुटतात, स्थिर विजेने सगळीकडे चिकटतात आणि नेमके सांधेबदलाच्या पात्यात आणि इंजिनाच्या गिअरमध्ये जाऊन बसतात.

चौकट प्लायची. 'कमर्शियल' या नावाखाली मिळणारा पॉप्लरचा प्लाय हलका असतो आणि या कामाला पुरतो. पण किनारपट्टीवर राहत असाल, तर आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय घ्या. थोडा जड आणि महाग, मात्र पावसाळ्यात थर सुटत नाहीत. दुकानात शीट आडवी धरून तिच्या कडेवरून नजर टाका. पोट सुटलेली शीट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, ६ मिमी प्लायला पडलेला बाक चौकटीत सरळ होत नाही.

एका बोर्डासाठी कटाई अशी:

६ मिमी प्लाय: लांब कडा १००० × ९०, दोन, आडव्या पट्ट्या ५८८ × ६५, तीन, तिरप्या पट्ट्या २५ मिमी रुंद आणि सुमारे ११५० लांब, दोन.
१२ मिमी प्लाय: टोकाच्या फळ्या ५८८ × ९०, दोन.
एक्सपीएस: ९७६ × ५८८, एक.
कोपऱ्याचे ठोकळे: २० × २० पाइन, ६५ लांब, चार.

कटाई दुकानातल्या मशीनवर करून घ्या आणि सारख्या मापाचे सगळे तुकडे एकाच सेटिंगवर कापायला सांगा. ९० ऐवजी सगळ्या कडा ८९ झाल्या तरी बिघडत नाही. एक ८९ आणि एक ९१ झाली की बिघडते.

लांब कडा आणि टोकाच्या फळ्या एक्सपीएसच्या वरच्या पातळीपर्यंत येतात, म्हणजे फोम चौकटीच्या आत बसतो. हे महत्त्वाचे आहे. उघडी फोमची कड पहिल्याच प्रवासात दबते. आडव्या पट्ट्या २५ मिमी कमी उंच आहेत त्या याच कारणाने, फोम त्यांच्यावर टेकतो. वायरसाठी प्रत्येक आडव्या पट्टीत ३५ मिमीची तीन भोके होल-सॉने पाडा. वजन वाचवायला लांब कडांमध्ये मोठमोठी भोके पाडण्याची हौस काहींना असते. त्यातून वाचणार शंभरेक ग्रॅम आणि जाणार कडेचा ताठपणा.

जुळवणी

पहिले काम चौकट जोडण्याचे नाही. आधी एकमेकींना भिडणाऱ्या दोन टोकाच्या फळ्या पाठीला पाठ लावून क्लॅम्पमध्ये घट्ट धरा आणि दोन्हींतून एकदम भोके पाडा. दोन भोके ८ मिमी डॉवेल पिनसाठी (जुळवणीची गुळगुळीत गोल खुंटी), कडांपासून साधारण ६० मिमी आत. दोन भोके एम-८ बोल्टसाठी, ९ मिमी व्यासाची. भोक सरळ पडायला ड्रिल स्टँड हवाच. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे पिलर ड्रिल असतेच, दहा मिनिटांचे काम आहे.

डॉवेल आणि बोल्ट वेगळे का? बोल्टने ओढायचे, डॉवेलने जुळवायचे. दोन्ही कामे बोल्टवर टाकली की सुरुवातीला छान जुळते. मग आटे लाकूड कातत जातात, भोक लंबगोल होते, आणि काही महिन्यांनी एका बाजूचा रूळ अर्धा मिमी खाली दिसतो. एन स्केलच्या चाकाची कड इतकी लहान असते की पाव मिमीची पायरीही गाडी पाडायला पुरते. डॉवेल पिन डाय-मेकिंगचे सामान विकणाऱ्यांकडे तयार मिळते. तिच्यासाठी पितळेची बुश, म्हणजे पिन आत बसेल अशी नळी, लेथवाल्याकडून करून घ्या, पिन हाताने आत जावी पण हलू नये इतकी घट्ट. पिन एका फळीत इपॉक्सीने पक्की करा. बुश दुसऱ्या फळीत बसवताना दोन्ही फळ्या एकमेकींना जोडूनच इपॉक्सी सुकू द्या, मध्ये प्लास्टिकचा कागद ठेवून.

आता चौकट. कडा, टोके, ठोकळे आणि आडव्या पट्ट्या फेविकॉलने जोडा, स्क्रू फक्त सुकेपर्यंत धरायला. सगळे काम काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर करा. जी जमीन सपाट नाही तिचा वाक चौकट जन्मभर जपते. दोन्ही कर्ण मोजा. फरक १ मिमीच्या आत आला की वजन ठेवून रात्रभर सोडा.

एक्सपीएस चिकटवताना दोन गोष्टी सांभाळा. सॉल्व्हंटचा पिवळा काँटॅक्ट ॲडहेसिव्ह फोम वितळवतो, स्प्रे पेंटही. फेविकॉल चालतो, पण फोममधून हवा जात नसल्याने आतल्या बाजूला तो दिवसेंदिवस ओला राहतो. पातळ थर द्या, वर फळी आणि पुस्तकांचे वजन ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. पॉलियुरेथेन गोंद लवकर धरतो, पण फुगतो आणि फोम वर उचलतो, त्यामुळे त्याला जास्त वजन लागते. फोम कडांना आणि टोकांनाही सर्व बाजूंनी चिकटला पाहिजे. नुसता आडव्या पट्ट्यांवर टेकलेला फोम झाकण असतो, सर्व बाजूंनी चिकटलेला फोम चौकटीचा भाग होतो.

शेवटी बोर्ड उलटा करून तिरप्या पट्ट्या फुलीसारख्या लावा, जिथे जिथे आडव्या पट्टीला आणि कडेला स्पर्श होईल तिथे गोंद. मधल्या फुलीवर एक पट्टी दुसरीत अर्ध्या जाडीने खाचून घ्या. वरून फोम आणि खालून फुली अशी पेटी बंद झाली की पीळ संपतो. पूर्ण तळाला ३ मिमी प्लाय मारला तरी तेच होते, पण त्याचे वजन किलोभर, फुलीचे पाव किलोही नाही, आणि वायरपर्यंत हात जातो. खात्री करायची असेल तर फुली लावण्याआधी आणि नंतर बोर्डाचे तीन कोपरे टेकवून चौथा बोटाने उचलून बघा. फरक हाताला कळतो.

इथपर्यंत एका बोर्डाचे वजन तीन किलोच्या आत हवे. नंतर आत-बाहेर, कापलेल्या कडांसह, सगळीकडे पाण्याच्या प्रायमरचे दोन हात. एकाच बाजूला रंग दिलेला प्लाय दमट हवेत हमखास वाकतो.

सांध्यावरचे रूळ

नव्याण्णव टक्के तक्रारी इथल्याच. युनिट्रॅक वापरणार असाल तर टी-ट्रॅक या छोट्या पेट्या जोडून ले-आउट करण्याच्या पद्धतीतली युक्ती उपयोगी आहे. तिथे ३१० मिमीचा रूळ ३०८ मिमीच्या पेटीवर बसवतात, म्हणजे रूळ दोन्हीकडे १ मिमी पुढे असतो. पेट्या एकमेकींना भिडत नाहीत, रूळच एकमेकांत अडकतात. छोट्या पेट्यांना हे उत्तम. मीटरभर लांबीच्या बोर्डाला मात्र सगळा ताण त्या प्लास्टिकच्या क्लिपवर येतो, आणि क्लिप तुटायला एकच धक्का पुरतो.

म्हणून इथे सांध्याजवळचा शेवटचा तुकडा पेको कंपनीच्या कोड ५५ सारख्या फ्लेक्सी, म्हणजे हवा तसा वाकणाऱ्या, रुळाचा घ्या. टोकाच्या फळीमागे, रूळ जिथून जाणार तिथे, फोम कापून ६० × ४० मिमीचा लाकडी ठोकळा वरच्या पातळीला बसवा. त्यावर तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) पट्ट्या स्लीपरच्या जागी लावा, पितळी स्क्रू आणि इपॉक्सीने. प्रत्येक पट्टीच्या तांब्यावर मधोमध कानशीने चीर पाडा, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील. मल्टिमीटरने ते लगेच तपासा, रूळ लावल्यावर चीर शोधणे त्रासाचे.

आता क्रम: दोन्ही बोर्ड डॉवेल आणि बोल्टने जोडा. रूळ सांध्यावरून सलग टाका. तो पीसीबीला चारही ठिकाणी सोल्डर करा. सगळे थंड झाल्यावरच पातळ कटिंग डिस्कने नेमका सांध्यावर कापा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर कितीही डोळे फोडले तरी तो जुळणार नाही. कापलेल्या टोकांची धार बारीक कानशीने आतल्या बाजूने किंचित घासून मोडा. डिस्कच्या जाडीची अर्ध्या मिमीची फट तशीच राहू द्या. निकेल-सिल्व्हरचा मीटरभर रूळ २५ अंशांच्या फरकाला ०.४ मिमी वाढतो, ती वाढ तिथे जिरते.

बाकीच्या रुळाला फोममध्ये पिना धरत नाहीत. ३ मिमी कॉर्क चिकटवा आणि त्यावर रूळ ॲक्रिलिक सीलंटच्या पातळ थराने. चुकले तर पुट्टीच्या पात्याने सुटून येतो.

वायर

रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर हवी, दोन तुकडे जोडणाऱ्या जॉइनरवर भिस्त ठेवू नका. ती वायर रूळ बसवण्याआधीच सोल्डर करा, फोमवर बसलेल्या रुळाला सोल्डरिंग आयर्न लावले की खाली खड्डा पडतो. बोर्डाखालून १ चौरस मिमीची लवचिक वायर मुख्य लाइन म्हणून पुरते. दोन मीटर जाऊन-येऊन ०.०७ ओहम, म्हणजे १ अँपिअरला ०.०७ व्होल्टची घट.

दोन बोर्डांमधल्या जोडणीला ड्रोनवाले वापरतात तो एक्सटी-६० कनेक्टर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो, आणि उलटा बसत नाही. ज्या बाजूने वीज येते तिथे मादी टोक लावा, म्हणजे उघड्या पिनांवर कुणाची अंगठी टेकून शॉर्ट होणार नाही. सांधेबदलाला कॉइलची जड मोटर नको. एसजी-९० सर्वो ही छोटी मोटर ९ ग्रॅमची असते, ती ३ मिमी प्लायच्या तुकड्यावर बसवून तो तुकडा खालून फोमला चिकटवा. स्क्रू थेट फोममध्ये मारू नका.

२३० व्होल्ट बोर्डावर कुठेही यायला नको. अडॅप्टर जमिनीवर, बोर्डात फक्त १२ ते १६ व्होल्ट. डीसीसी (रुळातूनच डिजिटल संदेश देऊन इंजिने चालवण्याची पद्धत) वापरत असाल तर सर्वांत दूरच्या कोपऱ्यात रुळांवर नाणे आडवे टाका. कंट्रोलर तत्क्षणी ट्रिप झाला पाहिजे. नाही झाला तर वायरिंग अपुरे आहे, आणि एखाद्या दिवशी घसरलेल्या डब्याचे चाक तापून प्लास्टिक वितळेल.

देखाव्यात वजन चढते

चौकटीत ग्रॅम वाचवून लोक डोंगरावर किलो ओततात. पीओपीचा ५ मिमी थर पूर्ण बोर्डावर दिला तर साडेतीन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे आख्खी चौकट पुन्हा एकदा. त्यापेक्षा फोमचे उरलेले तुकडे थरावर थर चिकटवून चाकूने कोरा, वर टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून दोन थर, मग रंग. तापलेल्या तारेने कोरायचे असेल तर गच्चीत जा, तो धूर छातीत घेण्याजोगा नाही.

खडी एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब असे मिश्रण ड्रॉपरने सोडून पक्की करा. पीठ, भुसा, खळ यांपासून काहीही बनवू नका. पहिल्या पावसाळ्यात बुरशी, दुसऱ्यात झुरळे.

उभारणी आणि प्रवास

पाय २५ × २५ × १.५ मिमी ॲल्युमिनियम चौकोनी पाइपचे, मीटरला ०.३८ किलो. बोर्डाच्या कोपऱ्यात प्लायचे खिसे करून त्यात सरकवा, खाली एम-८ चे लेव्हलिंग बूट. पहिल्या बोर्डाला चार पाय, दुसऱ्याला बाहेरच्या टोकाला दोनच. त्याचे दुसरे टोक डॉवेलवर बसते. आठ पायांपेक्षा सहा पाय जमिनीला लवकर जुळतात. आधी पहिला बोर्ड पाणसळीत आणा, मग दुसरा जोडा आणि बोल्ट शेवटी आवळा.

नेताना दोन्ही बोर्डांची तोंडे समोरासमोर, मध्ये सर्वांत उंच वस्तूपेक्षा ३० मिमी जास्त अंतर, आणि दोन्ही टोकांना ६ मिमी प्लायच्या फळ्या त्याच एम-८ भोकांतून बोल्टने. मध्ये २२० मिमी ठेवले तर १००० × ६०० × ४०० ची पेटी होते, एकूण १२ किलोच्या आसपास. या फळ्यांतच हाताच्या खोबणी कापा. रुळांची टोके पेटीच्या आत येतात, म्हणून ती ओरखडत नाहीत. डबे-इंजिने ले-आउटवर ठेवून प्रवास नको, त्यांची पेटी वेगळी.

एप्रिल-मेमध्ये ही पेटी बंद गाडीत उन्हात सोडू नका. एक्सपीएस साधारण ७५ अंशांपर्यंतच तग धरतो आणि काचेमागचा गडद रंगवलेला फोम तिथपर्यंत सहज पोचतो. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पेटी पलंगाखाली थेट फरशीवर नाही, दोन रिपांवर. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा जोडाल तेव्हा गाडी चालवण्याआधी एकच मालडबा सांध्यावरून हाताने हळू ढकला, दोन्ही दिशांना. बोटाला खट्ट लागले तर पीसीबीवरचे सोल्डर पुन्हा वितळवून रूळ बसवून घ्या. दोन्ही बोर्ड जोडलेले असतानाच.